भिंतीवरचा फोटो घरीच छापायचा तर...

पूर्वी कुणाच्याही बैठकीच्या खोलीत गेले की भिंतीवरच त्या घराची वंशावळ वाचता यायची. आजोबा-पणजोबांच्या काळ्या-पांढऱ्या तसबिरी, शेजारी लग्नातला जोडफोटो, खाली मुंजीतला गोंडस बटू. फोटो मोजके असत, पण ते डोळ्यांसमोर असत. आता एकेका बारशाला तीनतीनशे फोटो निघतात आणि मोबाइल बदलला की त्यातले निम्मे कुठे जातात ते कळतही नाही. म्हणूनच की काय, बऱ्याच घरांतून एक जुनीच हौस नव्याने डोके वर काढू लागली आहे. त्यातला एखादा चांगला फोटो निवडायचा, मोठा छापायचा आणि चौकटीत घालून भिंतीवर लावायचा. एकदा ही हौस लागली की पाठोपाठ प्रश्न येतोच, दर वेळी कलर लॅबमध्ये खेपा घालण्यापेक्षा मोठे फोटो छापणारा प्रिंटर घरीच का आणू नये?

आणायला काहीच हरकत नाही. मात्र असा प्रिंटर निवडताना बहुतेक जण दुकानातल्या किमतीची चिठ्ठी पाहून निर्णय घेतात आणि तिथेच फसतात. यंत्राचे पैसे एकदाच द्यावे लागतात, शाईचे मात्र ते घरात असेपर्यंत. शिवाय ही वस्तू मिक्सर किंवा शिलाई मशीनसारखी नाही. शिलाई मशीन सहा महिने झाकून ठेवले तरी तेलाचे चार थेंब टाकून पुन्हा चालू करता येते. इंकजेट प्रिंटर वापरल्याने जेवढा झिजतो त्याहून जास्त न वापरल्याने बिघडतो. म्हणून ‘कोणता प्रिंटर चांगला?’ याआधी ‘आपल्या घरात महिन्याला किती मोठे फोटो निघणार?’ हा प्रश्न स्वतःला विचारलेला बरा.

मोठा म्हणजे केवढा?

धंद्याच्या भाषेत मोठा प्रिंटर म्हणजे २४ इंच किंवा ४४ इंच रुंद कागदाच्या गुंडाळीवर छापणारा. तो घरात मावतही नाही आणि पेलतही नाही. घरासाठी दोनच मापे विचारात घ्यावीत. पहिले ए-थ्री प्लस, म्हणजे साधारण १३ बाय १९ इंच. ऑफिसात असतो त्या ए-फोर कागदाच्या दुपटीहून थोडा मोठा. यावर १२ बाय १८ इंचाचा फोटो कडेला जागा सोडून आरामात बसतो. दुसरे माप १७ इंच रुंदीचे. त्यावर ए-टू आकाराचा, म्हणजे सुमारे साडेसोळा बाय साडेतेवीस इंचांचा फोटो निघतो. दोन-तीन खोल्यांच्या घरात सोफ्याच्या वर लावायला १२ बाय १८ चा फोटो पुरेसा दिसतो. भोवती दोन-अडीच इंचांचे पांढरे माउंट आणि चौकट धरली की त्याची तसबीर चांगली दीड बाय दोन फुटांची होते. बहुतेक घरांनी ए-थ्री प्लसच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

मोबाइलवरचा फोटो एवढा मोठा होईल का, ही शंका हमखास येते. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. तो ए-थ्री कागदावर पसरला तर एका इंचात सुमारे २४० ठिपके येतात. अगदी जवळून पाहण्यासाठी ३०० उत्तम, पण भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून पाहत नाही. तेव्हा काम भागते. अडचण असते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. ए-थ्रीवर हे प्रमाण इंचाला शंभराच्याही खाली जाते आणि नवरीच्या शालूची जर नुसती पिवळी दिसू लागते. असा फोटो कितीही महागड्या प्रिंटरवर छापला तरी सुधारणार नाही. ज्याच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलने मागवावा.

खरा फरक शाईत

आता मुख्य गोष्ट. इंकजेटची शाई दोन जातींची असते, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, पाण्यात कुंकू नव्हे तर केशर विरघळावे तसा. तो कागदाच्या थरात मुरतो, म्हणून रंग चमकदार आणि रसरशीत दिसतात. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे रंगाचे अतिसूक्ष्म कण. ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात. प्रकाश आणि हवा यांना ते डायपेक्षा कितीतरी जास्त तोंड देतात.

हा फरक जगाला पैसे मोजून कळला. ग्रॅहॅम नॅश हे ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या गायकवृंदातले प्रसिद्ध गायक. त्यांना छायाचित्रणाचाही नाद. छापखान्यात नमुनाप्रती काढण्यासाठी बनवलेले आयरिस ३०४७ नावाचे मोठे इंकजेट यंत्र त्यांनी विकत घेतले, त्याची किंमत होती १ लाख २६ हजार डॉलर. १९९१ साली कॅलिफोर्नियात त्यांनी सहकारी मॅक हॉलबर्ट यांच्यासह नॅश एडिशन्स ही छपाईशाळा काढली. त्या यंत्रातून निघालेल्या छायाचित्रांनी सगळ्यांना चकित केले. पण शाई होती डायची आणि ती नमुनाप्रतींपुरतीच बनवलेली. सुरुवातीच्या चित्रांचे रंग काही वर्षांतच उडू लागले. पुढे टिकाऊ शाईचा शोध सुरू झाला त्यामागे ही तक्रारच होती. नॅश यांचे ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

घरगुती यंत्रांचा धडा याहून मजेशीर आहे. २००० साली एप्सनने स्टायलस फोटो १२७० नावाचा ए-थ्री प्लस प्रिंटर बाजारात आणला. फोटो इतके सुंदर की लॅबचे वाटावेत. पण काही घरांत चकचकीत कागदावरचे तेच फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. शेजारच्या घरात मात्र काही होत नव्हते. ऊन लागले म्हणावे तर काही फोटो सावलीतच होते. अखेर दोषी ठरला हवेतला ओझोन वायू. त्या कागदाचा वरचा थर बारीक छिद्रांचा होता, म्हणून शाई झटकन सुके. त्याच छिद्रांतून ओझोन आत शिरून निळा रंग खाऊन टाकी आणि मागे लाल-पिवळा उरे. ज्यांनी फोटो लगेच काचेमागे घातले त्यांचे फोटो वाचले. त्याच वर्षी त्याच कंपनीने पिगमेंट शाईचा २०००-पी हा प्रिंटर आणला. त्याचे रंग टिकत, पण एकच फोटो विजेच्या दिव्याखाली वेगळा आणि खिडकीजवळ हिरवट दिसे. आजच्या पिगमेंट शायांत हा दोष जवळजवळ गेला आहे. डाय शायाही पुष्कळ सुधारल्या आहेत. तरीही मूळ स्वभाव तोच आहे. उघड्यावर लावायचा फोटो डायने छापू नये आणि डायने छापलाच तर काचेशिवाय ठेवू नये.

जाहिरातीत ‘दोनशे वर्षे टिकणारे रंग’ असे वाचले तर एक ध्यानात घ्यावे. हा आकडा प्रयोगशाळेत प्रखर दिव्याखाली फोटो ठेवून, रंग किती उतरला ते मोजून, मग गुणाकार करून काढलेला असतो. शिवाय पुष्कळदा तो बंद अल्बममधल्या फोटोचा असतो, भिंतीवरच्या फोटोचा नव्हे. दोन शायांची तुलना करायला तो उपयोगी आहे. त्यापलीकडे त्यावर फार विसंबू नये.

बाजारात काय काय?

घरासाठीची यंत्रे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त खपतात ती टाकीवाली. बाटलीतून शाई ओतायची आणि छापत सुटायचे. एप्सनचा एल १८०० हा याच जातीचा. सहा रंगांचा आणि ए-थ्री प्लस मापाचा हा प्रिंटर गावोगावच्या फोटो स्टुडिओंत वर्षानुवर्षे राबला. २०२२ साली त्याच्या पुढच्या पिढीतला एल १८०५० आला. त्याच्या शाईच्या बाटल्या ७० मिलीलीटरच्या असतात. सहा रंग मिळून ४२० मिलीलीटर शाई घरात येते आणि मिलीलीटरमागे खर्च कार्ट्रिजच्या मानाने फारच कमी पडतो. शाई मात्र डायची. फिकट निळा आणि फिकट गुलाबी असे दोन जादा रंग असल्याने चेहऱ्याची त्वचा मऊ उतरते. याच कंपनीच्या एल ८१८० मध्ये या दोन फिकट रंगांऐवजी करडी शाई आणि साध्या मजकुरासाठी वेगळी काळी पिगमेंट शाई असते. वर ए-फोर मापाचा स्कॅनरही आहे. मुलांचे प्रकल्प, वडिलांची कागदपत्रे आणि वर्षाकाठी पंधरा-वीस मोठे फोटो, अशी सरमिसळ असलेल्या घराला तो सोयीचा.

दुसरा प्रकार कार्ट्रिजवाल्या डाय प्रिंटरचा. कॅननचा २०२० सालचा प्रो-२०० हे त्याचे चांगले उदाहरण. आठ रंग, त्यात करड्याच्या दोन छटा. रंग इतके खुलतात की फुलांचे, सणांचे, नटलेल्या मुलांचे फोटो पाहत राहावेत. पण एकेका कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम १२.६ मिलीलीटर.

तिसरा प्रकार पिगमेंटचा. यात कॅननचा प्रो-३०० आणि एप्सनचा पी-७००, दोन्ही २०२० चे, दोन्ही १३ इंची. कॅननच्या दहापैकी एका कार्ट्रिजमध्ये रंगच नसतो. ते पारदर्शक द्रव चकचकीत कागदावर सर्वत्र पसरवले जाते, म्हणजे शाईचे कण बसलेली जागा आणि कोरी जागा यांची चमक सारखी दिसते. एप्सनच्या दहा रंगांत जांभळी शाई आहे. कॅननच्या कार्ट्रिजमध्ये १४.४, तर एप्सनच्या कार्ट्रिजमध्ये २५ मिलीलीटर शाई. त्यांची १७ इंची थोरली भावंडे म्हणजे एप्सन पी-९००, कार्ट्रिज ५० मिलीलीटरचे, आणि कॅनन प्रो-१०००, कार्ट्रिज ८० मिलीलीटरचे. प्रो-१००० चा वारस प्रो-११०० हा २०२४ मध्ये आला. वजनातला फरक पाहा, पी-९०० सुमारे १५ किलो, तर प्रो-१००० सुमारे ३२ किलो. म्हणजे घरात आणताना दोन माणसे हवीत आणि कॉम्प्युटरचे डगमगते टेबल त्याला चालणार नाही.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी प्रिंटर घ्यायचा असेल, तर त्यात करडी शाई आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. करडी शाई नसलेले यंत्र निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून करडा रंग बनवते. त्यात जराशी गडबड झाली की आजोबांचा कोट हिरवट किंवा गुलाबीसर दिसतो. एल १८०५० या कामात कमी पडतो, प्रो-२०० बरा आणि पिगमेंटवाले सर्वांत सरस. घरात फक्त पणजोबांची एकच तसबीर नव्याने करायची आहे? मग प्रिंटर घेऊच नका. नीट स्कॅन करून एखाद्या चांगल्या लॅबकडून ती पिगमेंट शाईने मॅट कागदावर छापून घ्या.

बटण आणि बोर्ड

कॅननच्या हेडमध्ये शाई क्षणभर तापवून तिचा बुडबुडा केला जातो आणि त्याने थेंब बाहेर ढकलला जातो. एप्सनच्या हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो, उष्णता लागत नाही. पहिल्या प्रकारचे हेड कालांतराने जळते, पण वर सांगितलेल्या प्रो-३०० आणि प्रो-१००० मध्ये ते बदलता येते. दुसऱ्या प्रकारचे यंत्राच्या आयुष्यभरासाठी असते. मात्र ते चोंदले आणि मोकळे झाले नाही, तर दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवाच प्रिंटर घ्यायला निघतो.

आणि चोंदण्याचे आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे आपली काटकसरीची सवय! काम झाले की टीव्ही असो वा पंखा, आपण भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करतो. इस्त्रीसाठी ही सवय उत्तम आहे. प्रिंटरसाठी घातक. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की त्याचे हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि सूक्ष्म छिद्रे झाकली जातात. छपाईच्या मध्येच बोर्डावरून वीज तोडली की हेड असेल तिथे उघडेच राहते आणि शाई छिद्रांत सुकते. आधी प्रिंटरचे बटण, दिवा पूर्ण विझल्यावर बोर्डाचे. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः उठताबसता दिवे मालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना, हे एकदा नीट समजावून सांगावे. वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस जोडून घ्यावा.

नागपूर-इंदूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हेड लवकर सुकते, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओलावा धरतो. आठवड्यातून एकदा नोझल तपासणीचे पान काढणे हा हेड सुकण्यावरचा उपाय. त्याला शाईचे काही थेंब लागतात, इतकेच. सुटीत महिनाभर गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे तुळशीला पाणी घालायला किल्ली देता, तेव्हा तेवढे पानही काढायला सांगा. फोटोचे कागद त्यांच्याच पाकिटात, वर प्लास्टिकची पिशवी बांधून, कपाटात आडवे ठेवावेत. माळ्यावर नव्हे. ओल धरलेल्या कागदाच्या कडा वर उचलल्या जातात, हेडला घासतात आणि फोटोवर काळे ओरखडे उमटतात. छापलेला फोटो किमान एक दिवस मोकळ्या हवेत सुकू द्यावा. घाईने काचेमागे घातला तर शाईतली वाफ काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी साचते. चकचकीत कागद काचेला चिकटूनही बसतो, म्हणून मध्ये माउंट हवेच.

परवडते का?

१२ बाय १८ च्या एका फोटोला साधारण दोन मिलीलीटरच्या आसपास शाई धरावी. रात्रीचा, गडद फोटो असेल तर अधिक. आता दुकानदाराला शाईच्या पूर्ण संचाची किंमत विचारा आणि तिला संचातल्या एकूण मिलीलीटरने भागा. टाकीवाल्यात हा भागाकार ४२० ने होईल, प्रो-२०० मध्ये सुमारे शंभराने, प्रो-३०० मध्ये १४४ ने, पी-९०० मध्ये ५०० ने. एवढा एक हिशेब पाठीवरच्या कागदावर केला तरी स्वस्त वाटणारे यंत्र महाग आणि महाग वाटणारे स्वस्त ठरू शकते. त्यात कागदाची किंमत मिळवा. त्यात हेड साफ करण्यात जाणारी शाई मिळवा. ती सगळी तळाच्या स्पंजात किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते आणि तो बॉक्स भरला की तोही विकत घ्यावा लागतो. मोठ्या यंत्रांत तर पहिल्या संचातली बरीच शाई नुसत्या नळ्या भरण्यातच खर्ची पडते.

महिन्याला एक-दोन मोठे फोटो काढणाऱ्या घरात साफसफाईची शाई छपाईच्या शाईच्या बरोबरीला येऊ शकते. अशांनी लॅबच गाठावी, तिथला मोठा फोटो स्वस्त पडतो. आठवड्याला दोन-चार मोठे फोटो निघत असतील, घरात कुणी छायाचित्रणाचा नादी असेल किंवा कुणी घरबसल्या फोटोफ्रेमच्या मागण्या घेत असेल, तर टाकीवाला ए-थ्री प्लस प्रिंटर आपले पैसे वसूल करून देतो. मात्र मागण्या पैसे घेऊन घ्यायच्या असतील तर गिऱ्हाईकाला ‘काचेमागे ठेवा, उन्हात लावू नका’ हे आधीच सांगावे. लग्नाचा फोटो चार वर्षांत फिका पडला की तोंड लपवायची पाळी येते. पिगमेंटचा प्रिंटर त्यांनीच घ्यावा ज्यांना टिकाऊपणा आणि काळी-पांढरी छटा यांसाठी जास्त मोजायची तयारी आहे आणि जे तो खरोखर दर आठवड्याला चालवतील. धूळ खात पडलेल्या टाकीवाल्यापेक्षा धूळ खात पडलेला पिगमेंटवाला जास्त नुकसान करतो.

सेकंडहँड प्रिंटर घेताना जपावे. एल १८०० सारखी यंत्रे मोठ्या संख्येने कप आणि टी-शर्टवर छापण्याच्या कामाला लावली जातात. त्यासाठी टाकीत सब्लिमेशनची वेगळीच शाई ओतलेली असते. अशा यंत्रात नंतर फोटोची शाई भरली तरी नळ्यांत जुनी शाई उरते आणि रंगांचा मेळ बसत नाही. ‘कोणती शाई वापरली?’ हे विचारावे आणि समोर नोझल तपासणीचे पान काढून मागावे. रेषांत एकही खंड नको. स्वस्त डुप्लिकेट शाईही वॉरंटीच्या काळात तरी टाळावी.

नवा घेताना आपला फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे. कंपनीच्या नमुन्यातला पोपट आणि सूर्यास्त कुठल्याही प्रिंटरवर छानच दिसतो. आपल्या फोटोत माणसांचे चेहरे असू द्या, एखादी गडद पैठणी आणि एक पांढरा सदरा असू द्या. पैठणीच्या काठातले बारकावे काळे होतात का, पांढऱ्यावर निळसर झाक येते का आणि सावळा चेहरा लालसर होतो का, एवढे पाहावे. कागद घरी आणून अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून उजेडाच्या खिडकीत महिनाभर ठेवावा, मागे पेन्सिलीने तारीख आणि प्रिंटरचे नाव लिहून. तेवढ्या महिन्यात पैसेही जमतील आणि झाकलेल्या व उघड्या भागातला फरकही दिसेल.